क्यूच्या टोकावरील चामडे

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेस, मेहकरहून सिंदखेडराजामार्गे जालन्यास जाणाऱ्या रस्त्यावर, जेथून लोणारच्या सरोवराकडे वाट फुटते, तेथे सुलतानपूर वसलेले आहे. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून ज्या मेहकरची नोंद आहे त्या मेहकरच्या सान्निध्यातला, काळ्या जमिनीचा, कपाशी आणि ज्वारी पिकविणारा हा मुलूख. येथे इतिहासाचे नाव काढले की कोणी सिंदखेडच्या जाधवरावांचे आणि जिजाऊंच्या जन्मस्थानाचे स्मरण करतो, तर कोणी लोणारच्या दैत्यसूदन मंदिरावरील शिल्पांचे. हिरव्या कापडाने मढविलेल्या टेबलावर लाकडी क्यूने चेंडू मारण्याच्या पाश्चात्त्य क्रीडेशी या मुलखाचा काही संबंध असेल, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. तथापि बिलिअर्ड, स्नूकर आणि पूल या तिन्ही खेळांचे जे मर्म, म्हणजे पांढऱ्या चेंडूस हवी तशी फिरकी देऊन तो हव्या त्या जागी आणून उभा करण्याची विद्या, ती हिंदुस्थानात कशी आली, कोणाच्या पैशाने रुजली आणि कोणाच्या हातांनी पुढच्या पिढीस मिळाली, याचा शोध घेऊ लागले असता वऱ्हाडच्या इतिहासाची पाने उलटावीच लागतात.

१८५३ साली निजाम सरकार आणि कंपनी सरकार यांच्यामध्ये जो तहनामा झाला, त्यान्वये हैदराबाद कंटिन्जंट नामक फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच्याबरोबर दिलेले धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रदेश १८६० च्या तहाने निजामास परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. या फौजेच्या पलटणी एलिचपूर, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद अशा ठाण्यांत तैनात असत. सुलतानपूरच्या पश्चिमेस जालन्याची छावणी आणि आग्नेयेस हिंगोलीची, अशा दोन छावण्यांच्या मधोमध हा गाव पडलेला. छावणी म्हटली की अधिकाऱ्यांची मेस आली, आणि मेस म्हटली की बहुधा बिलिअर्डचे टेबल आले. कारण कवाईत सकाळी आटोपल्यावर उन्हाळ्याची दुपार आणि पावसाळ्याची संध्याकाळ घालविण्यास त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यापाशी शिकार, पोलो, पत्ते आणि बिलिअर्ड याखेरीज फारसे साधन नव्हते. ज्या मुलखाचा सारा फौजेच्या नावाने तोडून दिलेला होता, त्या मुलखाच्या कापसाचा आणि ज्वारीचा पैसा या विरंगुळ्याच्याही मुळाशी होता, ही गोष्ट खेळाच्या इतिहासात नमूद करणे मला अगत्याचे वाटते. खेळाचा इतिहास लिहिणारे बहुधा विजेत्यांच्या नावापासून आरंभ करतात. परंतु टेबल कोठून आले, ते ठेवण्यास दालन कोणी बांधले आणि त्या दालनातील दिव्याचे तेल कोणाच्या खर्चाचे, हे प्रश्न विजेत्यांच्या आधीचे आहेत.

टेबल आणणे ही काही सामान्य कामगिरी नव्हती. बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशा पूर्ण आकाराच्या टेबलाखाली पाटीच्या दगडाच्या पाच लाद्या बसविलेल्या असतात आणि सर्व सामग्रीसह त्याचे वजन टनाहून अधिक भरते. विलायतेहून मुंबई बंदरात उतरलेल्या अशा लाद्या आगगाडीपूर्वीच्या काळी बैलगाडीने घाट चढवून देशावर आणीत, आणि वाटेत एक लादी तडकली तर सारे टेबल निरुपयोगी ठरे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची भुसावळ–नागपूर शाखा १८६७ साली पूर्ण होऊन मलकापूर, नांदुरा, शेगाव ही आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेची गावे मुंबईशी जोडली गेली, आणि १८७० च्या मार्च महिन्यात मुंबईहून निघालेला रूळ जबलपुरास जाऊन कलकत्त्याहून येणाऱ्या रुळाला मिळाला. रूळ जबलपुरास पोहोचल्यानंतर पाचच वर्षांनी, १८७५ च्या पावसाळ्यात, तेथील मेसमध्ये एक नवा खेळ जन्मास आला.

जबलपूर हे नाव येथे आगंतुक नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७ पर्यंत ते शहर नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते आणि सीताबर्डीच्या लढाईच्या सुमारास ते इंग्रजांच्या हाती गेले. पुढे १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांतास जोडण्यात आला, तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बुलढाणा मुंबई राज्यात येईपर्यंत सुलतानपूर आणि जबलपूर ही दोन्ही गावे नागपूरच्या एकाच सचिवालयाच्या हुकमतीत नांदली. स्नूकरची जन्मभूमी विलायत असे मानणाऱ्यांनी हा नकाशा एकदा समोर ठेवावा. जबलपूरच्या त्या मेसमध्ये डेव्हनशायर रेजिमेंटमधील नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ब्लॅक पूल नामक प्रचलित खेळात आणखी रंगीत चेंडू घालून पाहिले. लाल चेंडूंच्या जोडीस निरनिराळ्या गुणांचे रंगीत चेंडू आले, आणि एक लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल, अशी पाळी पडू लागली. चेंबरलेन पुढे सेंट्रल इंडिया हॉर्समध्ये गेला, अफगाण युद्धात जखमी झाला आणि मद्रासचे सेनापती सर फ्रेडरिक रॉबर्ट्स यांच्या तैनातीत उटकमंडास आला. तेथील क्लबात १८८२ साली या खेळाचे नियम लिहून भिंतीवर लावण्यात आले. जॉन रॉबर्ट्स धाकटा हा विलायतेतला अग्रगण्य बिलिअर्डपटू हिंदुस्थानात वारंवार येई. जयपूरच्या महाराजांनी १८७७ साली त्यास दरबारी बिलिअर्डपटू म्हणून तहहयात नेमले होते. १८८५ साली कलकत्त्यास त्याची व चेंबरलेनची भेट झाली आणि त्याच्यामार्फत हा खेळ इंग्लंडात पोहोचला.

या नव्या खेळाने फिरकीच्या विद्येला जी निकड आणली, तिचा विचार येथे मुख्य आहे. एक लाल चेंडू खळग्यात गेल्यावर पांढरा चेंडू ज्या ठिकाणी थांबेल, तेथून ठरलेला रंगीत चेंडू मारता आला पाहिजे; तो मारल्यावर पुन्हा लाल समोर आला पाहिजे. म्हणजे चेंडू खळग्यात घालणे ही केवळ अर्धी कामगिरी झाली. पांढऱ्या चेंडूने आपले काम करून कोठे जावे, याचा हुकूम त्याला फटक्यापूर्वीच द्यावा लागतो, आणि तो हुकूम देण्याचे साधन क्यूच्या टोकावर चिकटविलेल्या, नखाएवढ्या चामड्याच्या चकतीत साठविलेले असते.

ही चकती नव्हती तेव्हा हा खेळ आजच्या अर्थाने विद्या नव्हता. अठराव्या शतकापर्यंत खेळाडू जड माथ्याच्या दांड्याने चेंडू पुढे ढकलीत. पुढे निमुळता क्यू आला, पण त्याचे लाकडी टोक चेंडूच्या मध्यापासून जरा ढळले की निसटे. गुळगुळीत लाकडाचा गुळगुळीत हस्तिदंतास जो क्षणमात्र स्पर्श होतो, त्यात पकड कसली येणार? चेंडूस फिरविण्यासाठी त्यास मध्याच्या वर, खाली किंवा बाजूस धरून मारावे लागते, आणि तेथेच तर लाकूड घसरे. फ्रान्सच्या पायदळातील कॅप्टन मिंगो हा राजकीय कारणावरून तुरुंगात पडला असता, तेथे मिळालेल्या टेबलावर त्याने क्यूच्या टोकास चामडे लावण्याचा प्रयोग सिद्धीस नेला. मुदत संपल्यावरही अभ्यास पुरा करण्यासाठी आणखी काही दिवस कोठडीत राहू द्यावे अशी त्याने विनंती केली, अशी कथा या खेळाच्या इतिहासात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १८०७ चे सुमारास त्याचे चामडी टोक सिद्ध झाले होते, आणि १८२७ साली त्याने आपल्या फटक्यांचे सचित्र पुस्तक पॅरिस येथे प्रसिद्ध केले. मागे खेचला जाणारा, पुढे धावणारा, वळण घेऊन अडथळ्यामागील चेंडू गाठणारा असा पांढरा चेंडू प्रेक्षकांनी प्रथम पाहिला, तेव्हा त्यांस जादूटोण्याचा भास झाला, यात नवल नाही.

चामडे आले तरी चामडे गुळगुळीत होतेच. त्यास खडूची जोड मिळाली ती इंग्लंडातील बाथ या शहरी. तेथील बिलिअर्डगृहाचा मालक बार्टली याने चेंडूच्या बाजूस मारून त्यास टेबलाच्या कडेच्या कुशनवरून भलत्या कोनात वळविण्याची युक्ती शोधली, आणि त्याच्या पदरी असलेला मार्कर, म्हणजे गुण मांडणारा नोकर, जॅक कार याने ती जगासमोर आणून, सोबत आपली खास पूड म्हणून साधा खडू लहान डब्यांतून विकला, असे सांगतात. खडूचा गुण साधा आहे: तो चामड्याच्या पृष्ठभागावर घर्षण वाढवितो, त्यामुळे टोक मध्यापासून दूर लागले तरी निसटत नाही. आजचा निळा-हिरवा खडू वास्तविक खडू नव्हेच. १८९७ साली अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी सिलिका व कुरुविंद यांची पूड मिसळून जो ठोकळा काढला, त्याचा तो वंशज आहे. त्याच शतकात टेबलही पालटले. लाकडी तळाच्या जागी टेबले बनविणाऱ्या थर्स्टनने १८२६ साली पाटीचा दगड घातला. चिंध्या भरलेल्या कुशनांच्या जागी रबर आले, आणि १८४५ चे सुमारास गंधकाने कमावलेले रबर लागल्यावर थंडीत कुशन कठीण होण्याची व्यथा गेली. सपाट दगड, जिवंत कुशन, चामडे आणि खडू ही चार साधने एकत्र आली नसती, तर जगातला कुशलातला कुशल हातही पांढऱ्या चेंडूस आज्ञाधारक करू शकला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाचवे साधन चेंडू. तो प्रथम हस्तिदंताचा असे. दाताच्या गाभ्यातून जाणारी नाडी चेंडूच्या बरोबर केंद्रातून गेली तरच तो नीट घरंगळे, म्हणून एका दातातून मोजकेच उत्तम चेंडू निघत, आणि त्यापायी किती हत्ती मारले गेले याचा हिशोब मनास विषण्ण करणारा आहे. शिवाय हस्तिदंत हवेप्रमाणे फुगतो व आकसतो. कोकणच्या दमट हवेत मुरलेला चेंडू वऱ्हाडच्या वैशाखात आला तर तो गोल राहीलच असे नाही, आणि जो गोल नाही त्याची फिरकी भाकितास बांधली जात नाही. १८६३ साली अमेरिकेत हस्तिदंतास पर्याय शोधणारास दहा हजार डॉलरांचे बक्षीस जाहीर झाले. जॉन वेस्ली हायट याच्या प्रयोगांतून सेल्युलॉइड निघाले, आणि पुढे विसाव्या शतकात फेनॉलिक राळेचे, वजनात व गोलाईत एकसारखे चेंडू आले.

या विद्येचा शास्त्रीय पायाही मिंगोच्याच पॅरिसमध्ये रचला गेला. फिरत्या पृथ्वीवरील वाऱ्यांना वळविणाऱ्या प्रेरणेशी ज्याचे नाव जोडलेले आहे, त्या गास्पार कोरिओलिस या गणितज्ञाने १८३५ साली बिलिअर्डमधील फिरकीवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. टेबलापासून चेंडूच्या व्यासाच्या सात-दशांश उंचीवर क्यू लागला, तर चेंडू घसरत न जाता पहिल्या क्षणापासून घरंगळतो. त्याखाली लागला तर तो काही अंतर घसरतो, आणि कापडाचे घर्षण त्यास हळूहळू घरंगळण्यास भाग पाडते. ही घसरण कोठे संपते, यात सारे रहस्य आहे. नवशिक्याचा सर्वांत प्रिय फटका जो स्क्रू, ज्यात पांढरा चेंडू समोरच्या चेंडूवर आदळून मागे परततो, तो याच दृष्टीने पाहावा. टोकास खडू लावून, डाव्या हाताच्या बोटांचा पूल खाली दाबून, क्यू शक्य तितका आडवा ठेवून चेंडूच्या मध्याखाली मारला जातो. टोकाचा आणि चेंडूचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे सहस्रांशच टिकतो. चेंडू पुढे सरकतो, पण फिरतो उलटा. कापड प्रत्येक तसूवर ती उलटी फिरकी थोडथोडी खात असते. समोरचा चेंडू जवळ असेल तर फिरकी शिल्लक असतानाच टक्कर होते. पांढऱ्याचा पुढचा वेग समोरच्यास मिळतो. फिरकी मात्र त्यास जवळजवळ देता येत नाही, कारण दोन्ही चेंडू गुळगुळीत. ती पांढऱ्याच्या पदरी उरते, आणि पुढचा वेग गमावलेला चेंडू तिच्या बळाने मागे ओढला जातो. समोरचा चेंडू चार-पाच फूट दूर असेल, तर तोच फटका तेवढ्याच जोराने मारूनही पांढरा जागच्या जागी थांबतो, कारण उलटी फिरकी वाटेतच खर्च झालेली असते. त्याहून दूर असेल तर तो पुढेच जातो. स्क्रू शिकणारा हा फरक पाहून हात झटकू लागतो, क्यू उचलू लागतो, आणि चामडे चेंडूच्या अर्ध्या त्रिज्येपलीकडे लागून निसटते. त्या वेळी मागे उभा असलेला जाणता माणूस एवढेच सांगतो की जोर कमी कर, क्यू चेंडूच्या आरपार जाऊ दे.

तो जाणता माणूस कोण? तो बहुधा मार्कर. गुण मांडणे हे त्याचे नाममात्र काम. वास्तविक टेबलाचा सारा संसार त्याच्याकडे असे. कापडावर लव असते आणि ती बॉकपासून, म्हणजे जेथून खेळ सुरू होतो त्या टोकापासून, वरच्या टोकाकडे एका दिशेने झुकलेली असते. तो त्याच दिशेने ब्रश फिरवी, मग तापविलेली इस्त्री फिरवी, आणि पावसाळ्यात दमट कापडावर चेंडू जड चालू लागला की हे काम दिवसातून अनेकदा करी. लवेच्या दिशेने हळू मारलेला, उजवी साइड, म्हणजे उजव्या बाजूची फिरकी, दिलेला चेंडू उजवीकडे ओढला जातो, आणि लवेच्या उलट मारलेला त्याच साइडचा चेंडू डावीकडे. ही गोष्ट ग्रंथ न वाचताही मार्करास माहीत असे, कारण ती लव त्याच्या तळहाताखालून रोज जात असे. क्यूची टीप झिजली की नवी टीप सरसाने चिकटविणे, तिचा घुमट कानशीने घडविणे, हेही त्याचेच. आणि सभासदास जोडीदार नसेल तेव्हा त्याच्याशी खेळणे व न दुखविता शिकविणे ही त्याची तिसरी जबाबदारी. त्याची शिकवण अशी: साइड देण्याची घाई करू नये, आधी साधा चेंडू सरळ मारण्यास शिकावे, मग स्टन (टकरीनंतर पांढरा जागीच थांबविणे), मग फॉलो (तो पुढे नेणे), मग स्क्रू, आणि साइड सर्वांच्या शेवटी. कारण बाजूस मारलेला पांढरा चेंडू स्वतः किंचित उलट दिशेस ढळतो, वाटेत वळण घेतो आणि समोरच्यासही तिरके फेकतो, तेव्हा तीन चुका एकदम होतात. ही शिस्त कोणत्याही अभ्यासक्रमातून आलेली नसून मार्करांच्या अनुभवातून उतरलेली आहे. बाथचा जॅक कार मार्करच होता, ही गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे: चामड्याचा शोध कॅप्टनाच्या नावे, सिद्धान्त गणितज्ञाच्या नावे, परंतु फिरकी लोकांपर्यंत पोहोचविली ती वेतनावर राबणाऱ्या माणसाने.

आणि येथेच या इतिहासातील अन्याय आहे. वेतन घेऊन खेळणारा किंवा शिकविणारा तो व्यावसायिक, आणि हौशी स्पर्धा त्यास बंद, असा दंडक विलायतेहून आला. हिंदुस्थानात व्यावसायिकांच्या मोठ्या स्पर्धा नव्हत्या; त्यामुळे दिवसभर टेबलापाशी उभा असणारा, शेकडो सभासदांस शिकविणारा मार्कर कोणत्याही विजेत्यांच्या फलकावर येऊ शकला नाही. मुंबईचा बायकला क्लब १८३३ चा, बॉम्बे जिमखाना १८७५ चा, पूना क्लब १८८६ चा; पुढे पारशी, हिंदू व मुसलमान जिमखाने निघाले आणि गोऱ्यांपुरते मर्यादित असलेले हे दालन हळूहळू देशी सभासदांस उघडले. सभासद बदलले, वर्ण बदलला, परंतु खुर्चीमागे उभा राहून गुण मांडणारा माणूस तोच राहिला.

त्या दालनांच्या छायेत वाढलेली जी मुले पुढे जगात गाजली त्यांतला पहिला विल्सन जोन्स. त्याचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यास एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. राष्ट्रीय बिलिअर्ड अजिंक्यपद त्याने बारा वेळा मिळविले, आणि १९५८ साली कलकत्त्यास जागतिक हौशी बिलिअर्ड अजिंक्यपद पटकावले. वैयक्तिक क्रीडाप्रकारात जगज्जेता ठरलेला तो पहिला भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडात त्याने ते पुन्हा जिंकले. १९६५ साली त्यास पद्मश्री मिळाली आणि १९९६ साली द्रोणाचार्य पुरस्कार. खेळाडू म्हणून गाजलेल्या माणसास गुरू म्हणून गौरव मिळावा, यात मला विशेष समाधान वाटते, कारण या खेळात शिकविणाऱ्याची पत फार उशिरा ओळखली गेली.

त्याच्यामागून आला मायकेल फरेरा, जन्म १९३८, मुंबई. १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीन जागतिक हौशी अजिंक्यपदे त्याच्या नावावर आहेत. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने एकाच पाळीत सलग ११४९ गुणांचा ब्रेक केला. हौशी खेळाडूने हजाराची मर्यादा ओलांडण्याचा हा पहिलाच प्रसंग. या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात यावा. बिलिअर्डमध्ये तीनच चेंडू असतात. कॅननला, म्हणजे आपला चेंडू इतर दोन्हींस लावण्यास, दोन गुण; लाल चेंडू खळग्यात घालण्यास (पॉट) किंवा लालवर आपटून आपला चेंडू खळग्यात घालण्यास (इन-ऑफ) तीन. म्हणजे एकाच बैठकीत शेकडो फटके, आणि प्रत्येक फटक्यानंतर तिन्ही चेंडू पुन्हा खेळण्याजोग्या ठिकाणी. एखादा फटका जोराने बसणे हे दैवाचेही देणे असू शकते. शेकडो फटक्यांनंतर चेंडू आज्ञेत राहणे हे केवळ फिरकीच्या संपूर्ण स्वामित्वाचे फळ. १९८१ साली देऊ केलेली पद्मश्री त्याने नाकारली, कारण क्रिकेटपटूस त्याहून वरचा किताब देऊन बिलिअर्डच्या जगज्जेत्यास खालचा देणे त्यास मान्य नव्हते. दोन वर्षांनी त्यास पद्मभूषण मिळाले. खेळाच्या प्रतिष्ठेसाठी त्याने धरलेला हा आग्रह मला योग्यच वाटतो. पुढे १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धेत हा खेळ प्रथमच समाविष्ट झाला, तेव्हा मुंबईच्या अशोक शांडिल्याने एकेरीत सुवर्णपदक मिळविले आणि गीत सेठीच्या जोडीने दुहेरीतही.

जिमखान्याच्या दारापर्यंत जाण्याची ऐपत नसलेल्या महाराष्ट्राने आपली कोनविद्या शिकली ती कॅरमवर. चाळीच्या गॅलरीत, गणेशमंडळाच्या मंडपात, गावच्या पारावर बोर्ड मांडलेला नाही असे गाव आपल्याकडे विरळा, आणि अशा बोर्डावर तयार झालेला तरुण पूलच्या टेबलावर प्रथम आला की कोन बरोबर धरतो, पण पांढऱ्या चेंडूपाशी फसतो. कारण उघड आहे. स्ट्रायकरचे वजन पंधरा ग्रॅमपर्यंत आणि सोंगटीचे पाचाच्या घरात. शिवाय दोन्ही चपट्या, म्हणून त्या घरंगळत नाहीत, पावडर टाकलेल्या गुळगुळीत लाकडावर केवळ घसरतात. समोरासमोर आदळल्यावर जड स्ट्रायकर काही पुढे जातोच. पूलच्या टेबलावर मात्र दोन्ही चेंडू समवजनी; फिरकीरहित घसरत आलेला पांढरा समोरासमोर आदळला की जागीच थांबतो, तिरका आदळला तर समोरच्याच्या वाटेशी काटकोन करून निघतो, आणि घरंगळत आलेला असेल तर क्षणभर थबकून आपल्या मूळ वेगाच्या दोन-सप्तमांश वेगाने पुढे चालू लागतो. या तीन गोष्टींचा भेद हातास कळला की कॅरमपटूचे निम्मे शिक्षण झाले.

पूलचे टेबल स्नूकरच्या टेबलाहून लहान, नऊ किंवा आठ फुटी. चेंडू मोठा, ५७ मिलिमीटरचा, तर बिलिअर्ड-स्नूकरचा साडेबावन्न. कापडावर लव नाही आणि खळगे प्रशस्त. टेबल लहान म्हणून चेंडू जवळ, चेंडू जवळ म्हणून स्क्रू सहज, आणि यामुळे पूल हा खेळ सोपा आहे असा एक समज रूढ झाला आहे. तो मला मान्य नाही. लहान टेबलावर चेंडूंची दाटी अधिक असते आणि पांढऱ्याला दोन चेंडूंच्या फटीतून, कुशनवरून, ठरलेल्या वितीएवढ्या जागेत उतरावे लागते. तेव्हा साइडचे ज्ञान जितके येथे लागते तितके फार थोड्या ठिकाणी लागत असेल. नाणे टाकून चालणाऱ्या टेबलांवर पांढरा चेंडू इतरांहून मोठा किंवा जड ठेवलेला असतो, म्हणजे यंत्राने तो ओळखून परत द्यावा. त्याच्यावर शिकलेल्या खेळाडूचा स्क्रू चांगल्या टेबलावर आल्यावर गरजेपेक्षा अधिक मागे येतो, आणि त्यास हात नव्याने बसवावा लागतो. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या गावी गेल्या काही दशकांत अशी पूलगृहे निघाली. करमणुकीच्या सार्वजनिक स्थळांस पोलिसी परवान्याची अट असल्यामुळे, आणि तेथे जुगार चालतो या संशयामुळे, अनेक घरांतून मुलांस तिकडे जाण्याची बंदी असते. संशयास काही ठिकाणी आधार असेलही. परंतु ज्या विद्येवर कोरिओलिसने ग्रंथ लिहिला आणि पुण्याच्या मुलाने जगज्जेतेपद मिळविले, ती तेवढ्यावरून त्याज्य ठरविणे न्यायाचे होणार नाही.

या इतिहासाची साधने अद्याप शिल्लक आहेत, पण ती विखुरलेली आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, कामठी येथील जुन्या क्लबांच्या आणि जिमखान्यांच्या वेतनपत्रकांत, हजेरीपटांत आणि कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तांत मार्करांची नावे, त्यांचे पगार, त्यांच्या रजा, कापड बदलल्याच्या आणि टीपांच्या पेट्या मागविल्याच्या नोंदी असावयास हव्यात. विजेत्यांचे चषक काचेच्या कपाटांत सुरक्षित आहेत. ही पत्रके बहुधा दमट तळघरांत पडून आहेत. ज्या संस्थांकडे ती असतील त्यांनी ती दप्तरे उघडून, मार्करांची नावे, गावे आणि नोकरीची वर्षे उतरवून घ्यावीत, त्यांच्या हयात मुलानातवांना भेटून त्यांच्या शिकविण्याच्या पद्धती लिहून ठेवाव्यात, आणि निदान एक फलक, विजेत्यांच्या फलकाशेजारी, त्याच दालनात, त्याच उंचीवर लावावा.